मल्लम्माच्या बापाची कोरी गाडी

माणसानं पंच्याहत्तरीत देवापुढं बसावं, फार तर पारावर बसावं. गाडीखाली झोपू नये, असं मल्लम्माचं स्पष्ट मत होतं. आणि ते तिनं शेजारच्या नागुबाईला भिंतीवरून सलग तिसऱ्या दिवशी ऐकवलं.

“काय सांगू नागुबाई, सकाळी चहा द्यायला जावं तर नुसते पाय दिसायल्यात. तोंड कुठं हाय ते कळंना झालंय. चहा पायापाशी ठिवते अन् येते. नैवेद्य ठिवल्यावानी.”

“आमच्या ह्यांचे पाय तर बघायच्या लायकीचे बी राहिले न्हाईत,” नागुबाई म्हणाली. कुठलंही दुःख असो, नागुबाई त्यात आपलं दुःख कालवल्याशिवाय राहत नसे.

“पाय बघायचे न्हाईत मला. नवरा बघायचाय. पन्नास वर्सांत ह्यांनी कधी घरातला खिळा ठोकला न्हाई, अन् आता हातात पान्हा घिऊन राहिलेत.”

पाय गुरुपादप्पांचेच होते. निलंग्याच्या बाजारात त्यांनी पंचेचाळीस वर्षं अडत चालवली. तूर, उडीद, सोयाबीन, जो माल येईल तो मुठीत घेऊन न बोलता परत ठेवायचा आणि भाव सांगायचा, एवढ्यावर त्यांचा धंदा चालला आणि संसारही साधारण त्याच पद्धतीनं चालला. चार वर्षांपूर्वी त्यांनी दुकान मुलाच्या, मल्लिकार्जुनच्या हवाली केलं आणि ओट्यावर खुर्ची टाकली. चार वर्षं ते त्या खुर्चीत बसून रस्त्याकडं बघत होते. मग नांदेडहून बातमी आली.

नांदेडच्या काही हौशी लोकांनी जुन्या मोटारींची फेरी काढायचं ठरवलं होतं. नांदेडहून निघायचं, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचायचं. ही शर्यत नव्हती. जो सगळ्यात आधी पोचेल त्याला काही मिळणार नव्हतं. जो बरोबर सांगितलेल्या वेळेला पोचेल त्याला ढाल मिळणार होती.

“वेळेवर पोचायची ढाल?” मल्लम्मा म्हणाली होती. “मग ती कुण्याबी बाईला द्या. गाडी कशाला लागती?”

पण तिनं परवानगी दिली. परवानगी तिचीच लागत होती, कारण घरातलं बाकी सगळं गुरुपादप्पांचं असलं तरी गाडी तिची होती. चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात ती भालकीहून लग्न होऊन निलंग्याला आली ती या अँबॅसिडरमधून. वडिलांनी आंदण दिलेली. दुधी रंगाची, काचेवर झेंडूच्या माळा, आणि आत कोऱ्या गाडीचा तो वास. तो वास तिनं गल्लीतल्या तीन पिढ्यांना वर्णन करून सांगितला होता; ज्यांना सर्दी होती त्यांनाही तो यायला लागला होता.

‘कोरी’ हा शब्द मल्लम्मानं पन्नास वर्षं मिठासारखा वापरला. थोडा थोडा, पण रोज. सासूनं भाकरी जाड झाली म्हटलं की, “कोऱ्या गाडीतून आलेल्या पोरीची भाकर अशीच असती.” थोरल्या जावेनं माहेरचे सोन्याचे गोठ दाखवले की, “गोठ कुणीबी देतंय. कोरी गाडी दिली का कुणी?” सासूच्या कमरेच्या किल्ल्या जावेला डावलून तिच्या कमरेला आल्या त्या याच शब्दाच्या जोरावर, असं तिचं मत होतं. गुरुपादप्पांनी भांडणात उत्तर द्यायचा प्रयत्न केला, तर ती शेवटी कोऱ्या गाडीपाशी येऊन थांबायची. ते तोंड उघडायचे, मिटायचे आणि उपरण्यानं चष्मा पुसायला लागायचे. मल्लम्मा त्याला जिंकणं म्हणायची.

तर अशी ती गाडी नांदेड ते लातूर मिरवणार, म्हटल्यावर मल्लम्मानं दुपारपर्यंत गल्लीला, संध्याकाळपर्यंत बाजाराला आणि दुसऱ्या दिवशी फोनवरून उदगीर, देगलूर आणि भालकी इथल्या समस्त पाहुण्यांना कळवलं. पेटीतली इरकल उन्हात टाकली. मागच्या सीटवर उजव्या अंगाला बसायचं, हेही ठरवलं. त्या अंगाला गर्दी जास्त असते.

इथवर सगळं नीट होतं. मग सुनेनं नियम वाचले.

अक्षरा, म्हणजे मल्लिकार्जुनची बायको, मोबाईल घेऊन जेवणाच्या वेळी बसली. नियम अकरा पानांचे होते. “अव्वा, पहिला नियम ऐका. गाडी एकतीस डिसेंबर एकोणीसशे सत्तरच्या आधी बनलेली पाहिजे. नंतरची असेल तर ती अपात्र.”

मल्लम्मा भालकीला कानडी दुसरीपर्यंत शिकली होती, पण सत्तर आणि चौऱ्याहत्तरमधलं अंतर कळायला दुसरी पुष्कळ झाली.

“मग आपली बसत न्हाई,” ती म्हणाली. वाईट वाटलंच, पण त्यात थोडी ऐट होती. “आपली गाडी नवी पडती त्यांना. बापानं चौऱ्याहत्तरला कोरी घिऊन दिली, त्येला कोण काय करणार? बाकीच्यांची खटारी असतील, ती जातील.”

गुरुपादप्पांनी भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत बुडवला. “बसते,” ते म्हणाले.

“काय बसते?”

“गाडी. चौसष्टची हाय.”

ताटावर माशी बसली होती. तिला कुणी हाकललं नाही.

हिशोब साधा होता. गाडी चौसष्टची असेल तर लग्नाच्या मांडवात ती दहा वर्षांची होती. म्हणजे मल्लम्माच्या बापानं दुसऱ्या कुणीतरी दहा वर्षं दामटलेली गाडी लेकीला आंदण दिली आणि लेक ती पन्नास वर्षं कोरी म्हणून सांगत फिरली. सासूला, जावेला, किल्ल्यांना. आणि आता नांदेडला चारचौघांत कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून देणार की हो, जुनीच होती.

मल्लम्मानं क्षणभर विचार केला आणि ठरवलं की नवरा खोटं बोलतोय. ढाल पाहिजे म्हणून गाडीचं वय वाढवतोय. नवऱ्याला खोटारडा ठरवणं हे बापाला खोटारडा ठरवण्यापेक्षा सोपं होतं. शिवाय सवयीचं होतं.

त्या दिवसापासून तिनं त्यांच्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलायची तितकंच, पण अक्षराकडं बघून.

“अक्षरा, तुझ्या सासऱ्याला विचार, आंघोळीला पाणी काढू का गाडीखालीच आंघोळ करणार हायेत.”

“अप्पा, अव्वा विचारतात—”

“ऐकलं,” गुरुपादप्पा गाडीखालून म्हणायचे.

“त्येंनी ऐकलं म्हणून सांग मला.”

“अव्वा, त्यांनी ऐकलंय.”

अक्षराचा यात घसा बसला.

कागद बघून साल सिद्ध करायचं तर गाडीच्या नोंदणीचं मूळ पुस्तक नव्हतं. ते फार वर्षांपूर्वी वाळवीनं खाल्लं, असं घरात सगळे धरून चालत. नंतर त्याची नक्कल काढलेली होती, पण तिच्यात बनावटीच्या सालाचा रकाना रिकामा होता. निलंग्यात अशी रिकामी जागा दिसली की सल्ला द्यायला माणसं जमतात. समोरचे शेषेराव, तहसिलीतून निवृत्त झालेले, रोज सकाळी फुलं तोडायच्या निमित्तानं यायचे. फुलं त्यांना नको असत.

“वहिनी, एवढं काय मनावर घ्यायलात? शपथपत्र करून टाका. आमच्या वर्गातली सगळी पोरं शाळेच्या दाखल्यावर एक जूनला जन्मली. चाळीस पोरं अन् एकच तारीख. गाडीला बी लावा एक जून चौसष्ट.”

“चौसष्ट कशाला? चौऱ्याहत्तर लावा.”

“मग ती बसत न्हाई की.”

“न बसंना. खरं ते खरं.”

नागुबाईनं भिंतीवरून वेगळी वाट काढली. “बैलाचं वय दातावरून कळतंय. गाडीला दात असतेत का?”

“असतेत की, गिअरात,” हनुमंत मिस्तरी म्हणाला. हा साठीतला गृहस्थ गेली तीस वर्षं ही गाडी दुरुस्त करत होता आणि तीस वर्षं “एवढं काढलं की संपलं” असं म्हणत होता. “पण लई झिजलेत.”

“म्हंजे म्हातारी हाय,” नागुबाई म्हणाली.

“आमच्या ह्यांचे सगळेच पडलेत,” मल्लम्मा म्हणाली. “म्हंजे त्यांचं दिवस घालायचं का आता?”

गाडीखालचे पाय किंचित हलले.

पहिल्या नियमाचा निकाल लागायच्या आत दुसरा नियम अंगावर आला. गाडी मूळ रूपात हवी. त्या काळी जी वस्तू मिळत नव्हती ती गाडीवर नको. हनुमंतानं पान्हा घेतला आणि पन्नास वर्षांचा संसार उतरवायला सुरुवात केली. मखमलीची गादी निघाली. छताला लावलेला छोटा पंखा निघाला. गाडी मागं घेताना भजन वाजवणारा भोंगा निघाला, तो काढतानाही एकदा वाजला आणि शेषेरावांनी सवयीनं हात जोडले. मागच्या काचेतला मान हलवणारा कुत्रा निघाला. मल्लम्मा खुर्ची टाकून बसली होती. प्रत्येक वस्तू ती मांडीवर घ्यायची, पुसायची आणि बाजूच्या टोपलीत ठेवायची. बघणाऱ्याला वाटावं, घरात कुणी गेलंय आणि दागिने उतरवून घेताहेत.

पडद्यांपाशी ती उठली.

“पडदे न्हाई. पडदे मी विणलेत. सुई माझी, दोरा माझा. बाजारात त्ये तवा बी मिळत न्हवते अन् आता बी मिळत न्हाईत. मग मिळण्या-न मिळण्याचा नियम त्येंला लागतो कसा? विचार नांदेडला.”

मुद्दा असा पक्का होता की अक्षरानं खरंच नांदेडला लिहून विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं: पडदे काढावेत.

“त्या माणसाला आई न्हाई,” मल्लम्मा म्हणाली आणि पडदे स्वतःच्या हातानं काढले.

वरचं कॅरिअर काढताना हनुमंत थांबला. बोल्टाखालचा रंग त्यानं नखानं खरवडला. वर दुधी, त्याच्या खाली काळा.

“अप्पा, खाली काळी हाय गाडी.”

गुरुपादप्पा चष्मा काढून पुसायला लागले. मल्लम्मानं जवळ येऊन पाहिलं. काळा होता, चांगला चकचकीत, कधीकाळी कुणीतरी हौसेनं दिलेला.

“अस्तर असतंय त्ये,” ती म्हणाली. “साडीला फॉल लावत न्हाईत का? तसं.”

हनुमंत तीस वर्षं या घरात मुरलेला जाणता मिस्तरी होता. “असतंय की,” तो म्हणाला.

पण त्या रात्री जेवताना मल्लम्मा आमटीला मीठ घालायला विसरली, आणि कुणीही ते बोलून दाखवलं नाही.

मग गाड्यांच्या नोंदणीची कचेरी. जुन्या नोंदवहीत साल सापडेल असं शेषेरावांनी सांगितलं, म्हणून गुरुपादप्पा निघाले चौसष्ट शोधायला. ते कचेरीत काहीही लिहून घेतील म्हणून मल्लम्मा निघाली चौऱ्याहत्तर शोधायला. दोघं एकाच एस. टी.नं गेले, एकाच सीटवर बसले, आणि डबाही एकच होता: धपाटे आणि दही. मध्ये पिशवी ठेवली होती.

कचेरीतला कारकून तरुण आणि सभ्य होता. “कोणत्या सालची नोंद पाहिजे काका?”

“चौसष्टच्या पुढची.”

“चौऱ्याहत्तर,” मल्लम्मा म्हणाली.

कारकुनानं एकदा त्यांच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. “गाड्या दोन आहेत का?”

“एकच.”

“आणि आपण दोघं...?”

“आमी बी एकाच घरचे,” मल्लम्मा म्हणाली. “पन्नास वर्सं झाली.”

“मग असं करा मावशी, आधी घरी ठरवून या. नंतर अर्ज करा.”

अर्ज शेवटी त्यानं घेतला, पण नोंदवही सापडली नाही. जिल्हा फुटला तेव्हा जुनं दप्तर दुसऱ्या कचेरीत गेलं, असं कळलं. पुढच्या आठवड्यात ते त्या दुसऱ्या कचेरीत गेले. तिथं कळलं की दप्तर पाठवल्याचं पत्र आलेलं आहे, दप्तर आलेलं नाही. म्हणजे ते बेचाळीस वर्षं रस्त्यातच कुठंतरी मुक्कामाला होतं. मल्लम्माला त्या दप्तराबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. तिच्या बापाची अब्रू त्याच गठ्ठ्यात बांधलेली होती आणि ती तशीच बांधलेली राहावी, असं आता तिला मनातून वाटायला लागलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. ज्या माणसाला खात्री असते तो कशाला घाबरत नाही. मल्लम्मा येताना एस. टी.त एक धपाटं उरवून आली.

फेरीच्या आदल्या दिवशी सकाळी नांदेडच्या मैदानात गाड्यांची तपासणी होती. साल सिद्ध न झालेल्या गाड्याही आणा, तिथंच ठरवू, असं कळवलं होतं. मैदानात वीस-बावीस गाड्या उभ्या होत्या. कुणाची जीप, कुणाची फियाट, आणि एक पंख्यासारख्या जाळीची लांबलचक मोटार, जिच्याजवळ जायला माणसं चपला काढू का, असा विचार करत होती. मल्लम्मा इरकल नेसून आली होती. मुलगा दुकानामुळं आला नव्हता. अक्षरा, हनुमंत आणि अर्थातच शेषेराव होते. शेषेरावांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते गाडीत आधी बसले होते.

तपासणीच्या प्रमुख धम्मप्रिया मॅडम म्हणून होत्या. चाळिशीच्या, तंत्रनिकेतनात गाड्यांचंच शिकवणाऱ्या, हातात पाटी आणि कानावर पेन. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि पुढच्या बंपरपाशी थांबल्या. तिथं लिंबू-मिरची होती.

“हे काढावं लागेल.”

“का म्हणून?” मल्लम्मा म्हणाली. “त्या काळी लिंबं न्हवती का?”

धम्मप्रियाबाई विचारात पडल्या. त्यांनी नियम उलगडले, सहकाऱ्याला बोलावलं, दोघं कुजबुजले. “लिंबू आणि मिरची राहू द्या,” त्यांनी निकाल दिला. “तारेला प्लॅस्टिक आहे. दोऱ्यात ओवा.”

नांदेडात आल्यापासून पहिल्यांदा मल्लम्माला कुणीतरी आवडलं.

“बॉनेट उघडा,” बाई म्हणाल्या. “कागदावर साल नसेल तर आम्ही चासीचा नंबर बघतो. इंजिनमागं पत्र्याची पट्टी असते, त्यावर नंबर असतो. कोणता नंबर कोणत्या वर्षी बनला त्याची यादी आहे माझ्याकडं.”

हनुमंतानं बॉनेट उचललं. धम्मप्रियाबाई वाकल्या आणि तशाच राहिल्या.

“हे काय आहे?”

पट्टीच्या जागी एक जाड, लालसर-पिवळा, दगडासारखा थर होता. मधोमध विभूतीचे तीन पांढरे पट्टे.

“गाडीचं कपाळ,” मल्लम्मा म्हणाली.

लग्न होऊन आल्यावर पहिल्या दसऱ्याला तिनं बॉनेट उघडायला लावलं होतं. आत सगळं काळं, तेलकट; एकच चकचकीत पट्टी, तिच्यावर अक्षरं कोरलेली. देवळाच्या चौकटीवर असतात तशी. पूजा तिचीच करायची, हे सांगायला कुणी लागलं नाही. तेव्हापासून दर दसऱ्याला आणि दर अमावास्येला तेल, हळद, कुंकू, विभूती आणि नारळाचं पाणी. पन्नास वर्षं. हनुमंतानं तिथं कधी फडका लावला नव्हता, कारण तीस वर्षांपूर्वी एकदा लावला होता.

“रॉकेल मारतो, तारेच्या ब्रशानं दोन मिनिटांत निघंल,” तो हळूच म्हणाला.

“हात लावून बघ,” मल्लम्मा म्हणाली.

हात लागला नाही. धम्मप्रियाबाईंनी पाटीवरचा कागद वर केला. “ताई, मी जबरदस्ती करत नाही. पण नंबर दिसल्याशिवाय मला गाडी घेता येत नाही. आणि अर्जावर मालकाची सही लागते, की अमुक साल खरं आहे. मालक म्हणून इथं तुमचंच नाव लिहिलंय. सौ. मल्लम्मा गुरुपादप्पा.”

अर्ज गुरुपादप्पांनी भरला होता. मल्लम्मानं कागद हातात घेतला. आपलं नाव मराठीत लिहिलेलं असलं की तिला ते दुसऱ्या कुणाचंतरी वाटायचं. सालाच्या रकान्यात चौसष्ट होतं. खाली सहीची जागा मोकळी.

रांगेतल्या मागच्या जीपवाल्यानं भोंगा वाजवला. शेषेराव काहीतरी सल्ला देणार होते, पण अक्षरानं त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

मल्लम्मा त्या थराकडं बघत राहिली. नाही म्हणायला काही लागत नव्हतं. गाडीचं कपाळ खरवडू देणार नाही, एवढं म्हटलं की झालं. देवाचं कारण होतं, कुणी वाद घातला नसता. गाडी परत निलंग्याला, कोरी ती कोरी. ओट्यावर खुर्चीही होतीच, त्यांना बसायला.

तेवढ्यात गुरुपादप्पा पुढं झाले. हातातल्या फडक्याला हात पुसले. चार महिन्यांत ते पहिल्यांदा सरळ उभे दिसले.

“मॅडम, राहू द्या,” ते म्हणाले. “आमचंच चुकलं. म्हातारपणी ध्यानात राहत न्हाई. गाडी चौऱ्याहत्तरची हाय. ह्यांच्या वडलांनी कोरी घिऊन दिलेली. खोडा त्ये. हनुमंत, बॉनेट लाव.”

हनुमंतानं दांडी काढली.

“थांब,” मल्लम्मा म्हणाली.

ती नवऱ्याकडं बघत होती. अडतीवर हा माणूस वाईट मालालाही कधी चांगला म्हणाला नव्हता. शेतकऱ्यानं हात जोडले, व्यापाऱ्यानं डोळे वटारले, तरी ओला माल तो ओला. आणि आता परक्या मैदानात, वीस गाड्यांपुढं, एका मास्तरणीसमोर हा माणूस सरळ तोंडानं खोटं बोलत होता. खोटं कुठलं, हे तिला लगेच कळलं. चौसष्ट खोटं असतं तर तो चार महिने गाडीखाली झोपला नसता.

तिला राग आला. बापाचा नंतर येणार होता. त्याला रांगेत उभं केलं. आधी आला तो दयेचा. कुणी आपल्यावर दया करावी, आणि तीही नवऱ्यानं, हे तिनं पन्नास वर्षांत कधी चालू दिलं नव्हतं.

“अक्षरा, पिशवीतलं खोबऱ्याचं तेल दे,” ती म्हणाली. “अन् माझ्या जुन्या लुगड्याचा पदर हाय बघ, फडक्याला आणलेला.”

इरकलीचा पदर खोचून मल्लम्मा इंजिनावर वाकली. आधी तिनं त्या थराला हात जोडले, कानडीत काहीतरी पुटपुटली. समजूत घालत असावी. मग तेल ओतलं. बोटानं चोळलं. थर सहज निघेना. वरचे दसरे मऊ झाले, खालचे चिवट होते. जीपवाला उतरून बघायला आला, फियाटवाला आला, लांबलचक मोटारीचे मालकही येऊन उभे राहिले. नखात कुंकू, कोपरापर्यंत हळद, आणि कपाळावर घाम. अर्ध्या तासानं खालून एक कड चमकली. तेलाखाली पट्टी इतकी जपली गेली होती की कालच बसवल्यासारखी दिसत होती.

“मॅडम, या,” ती म्हणाली. “वाचा. मोठ्यानं.”

धम्मप्रियाबाईंनी नंबर वाचला, यादीत बोट फिरवलं आणि बोट थांबलं.

“एकोणीसशे चौसष्ट. गाडी पात्र आहे.”

जीपवाल्यानं टाळ्या वाजवल्या. शेषेराव म्हणाले, “मी पैल्यापास्नं सांगत होतो.” मल्लम्मानं अर्ज मागितला, पेन घेतलं आणि चौसष्टच्या खाली, सगळ्यांसमोर, हळदीच्या बोटांनी कानडीत सही केली. गोल गोल, सावकाश, एकही अक्षर न चुकता. मग दारावर सतरा नंबरचा कागद चिकटवला गेला आणि इतर गाड्यांच्या ओळीत लावायला गाडी पुढं घ्यायची होती. गुरुपादप्पा चाकावर बसले. मल्लम्मा मागं न बसता पुढचं दार उघडून त्यांच्या शेजारी बसली. काच वर केली.

“कवापास्नं ठाऊक हाय तुमाला?”

चार महिन्यांत ती पहिल्यांदा अक्षराला मध्ये न घेता बोलली होती.

“लग्नाच्या आदल्या दिवशी,” गुरुपादप्पा म्हणाले. “तुझे वडीलच बोलले मला. हैदराबादच्या एका डॉक्टरची गाडी हुती. काळी. भालकीला आणून रंगवली. म्हणले, जावईबापू, पोरीला कोरी म्हणून सांगितलंय. तेवढं राहू द्या.”

“अन् तुमी?”

“हाव म्हणलो.”

“म्हंजे त्यो वास...”

“रंगाचा.”

मल्लम्मा समोरच्या काचेकडं बघत म्हणाली, “पुस्तक वाळवीनं खाल्लं न्हवतं, न्हाई का?”

“आईला संशय आला हुता. एका वर्साला पुस्तक मागायली हुती बघायला.” गुरुपादप्पांनी चष्मा काढला. “आंघोळीच्या बंबात घातलं मी.”

चष्मा पुसायला ते उपरणं शोधायला लागले. मल्लम्मानं तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पदरानं पुसला. पदराला हळद लागलेली होती, त्यामुळं काचा पिवळ्या झाल्या. तशाच तिनं त्या त्यांच्या नाकावर बसवल्या. मागून सतरा नंबरला पुढं घ्या म्हणून कुणीतरी ओरडत होतं.

“ऐका,” ती म्हणाली. “बापाचं मी बघून घीन, वर गेल्यावर. तुमचं आत्ता सांगते. किल्ल्यांचं भांडण जिंकले, जावेचं जिंकले, तुमच्याशी तर रोज जिंकले. अन् त्यातलं एकबी माझं न्हवतं. तोंडात उत्तर धरून बसला तुमी, अन् मला वाटू दिलं की मी लई हुशार. नवरा म्हणून तुमी बसता नियमात, त्येला माझी ना न्हाई. पण भांडणाला तुमी अपात्र. मुद्दाम हरणाऱ्या माणसासंगं पन्नास वर्सं भांडले मी. लाज वाटाया पायजे तुमाला. घ्या, गाडी घ्या फुडं.”